मावशी ते सिस्टर : प्रौढ वयातील परिचर्याशिक्षणाचा विचार

स्मरणिकेत माजी विद्यार्थ्यांच्या यशाची नोंद व्हावी, हे योग्यच आहे. कुणी अभियंता झाला, कुणी तहसील कचेरीत लागला, कुणी आमच्यासारखा शिक्षक झाला. अशा नोंदींनी संस्थेचा ऊर भरून येतो. परंतु दहावीनंतर किंवा त्याही आधी ज्यांचे शिक्षण थांबले, लग्न झाले आणि आज ज्या तिशीच्या उंबरठ्यावर आपल्याच लेकरांना या वसतिगृहात पोहोचवायला येतात, त्या माजी विद्यार्थिनींची नोंद कोणत्या पानावर घ्यायची? त्यांच्यापैकी काही द्राक्षबागेत विरळणीला जातात, काही कांद्याच्या खळ्यावर निवडणी करतात, तर काही निफाड, येवला, नाशिककडच्या खासगी दवाखान्यांत आयाचे काम करतात. पालकसभेच्या निमित्ताने त्यांच्याकडून एक प्रश्न आम्हां शिक्षकांना अलीकडे वारंवार विचारला जातो : आता या वयात नर्सिंगचे शिक्षण घेता येईल का?

आमचे उत्तर होकारार्थी आहे. मात्र त्या होकाराला दोन अटी आहेत. शिक्षण मान्यताप्राप्त संस्थेतूनच घ्यावे आणि वयाची मर्यादा ओलांडण्यापूर्वी घ्यावे. या दोन अटी पाळणे एकट्या स्त्रीच्या हाती नसते. तिचे घर, आपली शाळा आणि आपला समाज यांनी त्यात आपला वाटा उचलावा लागतो. तो कसा, हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

आमचा अभ्यासविषय इतिहास असल्यामुळे आरंभ तेथूनच करतो. रुग्णाच्या अंगाला हात लावणे ही उपचाराची पहिली पायरी. आपल्या पूर्वजांना नेमका तोच हात नाकारला गेला. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आपल्या आठवणींच्या टिपणांत बाबासाहेबांनी काठेवाडातील एका अस्पृश्य शिक्षकाची हकीकत नोंदविली आहे. १९२९ च्या डिसेंबरात 'यंग इंडिया' पत्रात प्रसिद्ध झालेल्या एका पत्रातून ती घेतलेली आहे. शिक्षकाची पत्नी बाळंतपणानंतर आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यायला तयार होईना. गावच्या प्रतिष्ठितांच्या पाया पडून, दोन रुपये फीची हमी देऊन त्याला कसेबसे आणले, तेही बाळंतिणीला वस्तीबाहेर आणावे या अटीवर. डॉक्टरने थर्मामीटर एका मुसलमान गृहस्थाच्या हाती दिले, त्याने ते पतीला दिले, पतीने पत्नीला लावले आणि त्याच क्रमाने ते परत गेले. दिव्याच्या उजेडात पारा पाहून डॉक्टरने न्यूमोनिया झाल्याचे सांगितले आणि तो निघून गेला. ती माउली दगावली. तो नवराही आमच्यासारखाच शाळामास्तर होता, म्हणून ही हकीकत आम्हांला विशेष बोचते.

याच समाजव्यवस्थेत बाळंतपणाचे 'विटाळाचे' काम मात्र अनेक गावांत मांग-महार समाजातील सुईणीकडेच होते. तिचा हात नाळ कापण्यापुरता चालत असे. तिच्या अंगी पिढ्यान्‌पिढ्यांचे कसब होते. पण त्या कसबाला पदवी नव्हती, ठरलेले वेतन नव्हते, मान नव्हता. सुपातले धान्य आणि जुने लुगडे एवढ्यावर तिची बोळवण होई. या इतिहासातून एक धडा घ्यायला हवा. शुश्रूषेचे काम आपल्या स्त्रियांना नवीन नाही. त्यांना नवीन आहे ती त्या कामाची अधिकृत मान्यता.

आज दवाखान्यात गेले की दोन हाका कानी पडतात : 'मावशी' आणि 'सिस्टर'. दोन्ही शब्द नात्याचेच. परंतु मावशी बेडपॅन उचलते, फरशी पुसते, रुग्णाला कुशीवर वळवते. सिस्टर इंजेक्शन देते, तक्त्यावर नोंद करते, डॉक्टरांशी बोलते. दोघींच्या पगारात, गणवेशात आणि बसण्याच्या जागेत अंतर असते. हे अंतर शिक्षणाचे आहे, असे म्हटले जाईल, आणि ते खरेही आहे. पण मावशी कोणत्या वस्तीतून येतात, याची कोणत्याही शहरातील दवाखान्यात सहज चौकशी करून पाहावी. जातिव्यवस्था ही श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्ये 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये मांडले. ते पाहण्यासाठी आजही फार लांब जावे लागत नाही. मावशीचे काम हलके आहे, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. ते काम करणारीला वर जाण्याची पायरीच नसावी, याला आमचा आक्षेप आहे.

बेडपॅन उचलण्याची किळस न वाटणे ही शुश्रूषेतील योग्यता आहे, हे तथागतांनी अडीच हजार वर्षांपूर्वी सांगून ठेवले. विनयपिटकातील महावग्गात प्रसंग आहे. अतिसाराने आजारी पडलेला एक भिक्खू आपल्याच मलमूत्रात पडलेला होता आणि कुणी त्याच्याकडे लक्ष देत नव्हते. बुद्धांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले, दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून मंचकावर ठेवले आणि मग संघाला रुग्णसेवेचा नियम घालून दिला. त्याच ठिकाणी चांगल्या शुश्रूषकाची पाच लक्षणे सांगितली आहेत : औषध तयार करता येणे, पथ्य-अपथ्य कळणे, लाभाच्या आशेने नव्हे तर मैत्रीभावाने सेवा करणे, मल-मूत्र-वांती उचलण्याची किळस नसणे आणि योग्य वेळी धम्मवचनांनी रुग्णाचे मन उभारणे. यातील पहिली दोन लक्षणे ज्ञानाची आहेत, हे ध्यानी घ्यावे. करुणा असली म्हणजे शिकण्याची गरज नाही, असे बुद्धांनी म्हटलेले नाही. प्रज्ञेवाचूनची करुणा रुग्णाला चुकीचे औषधही देऊ शकते.

वयाचा आक्षेप घेणाऱ्यांपुढे काही उदाहरणे ठेवावीशी वाटतात. फ्लॉरेन्स नाइटिंगेल १८५१ मध्ये जर्मनीतील कैसरवर्थ येथे परिचर्येचे शिक्षण घ्यायला गेली, तेव्हा तिने तिशी ओलांडली होती. याहून आपल्याला जवळचे उदाहरण अमेरिकेतील मेरी महोनी हिचे आहे. जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामगिरी नष्ट करण्यासाठी झटलेल्या लोकांना अर्पण केला. त्यानंतर पाचच वर्षांनी, १८७८ मध्ये, बोस्टनच्या एका स्त्रियांच्या व मुलांच्या रुग्णालयातील परिचर्याशाळेत तेहतीस वर्षांच्या या कृष्णवर्णीय स्त्रीने प्रवेश मिळविला. त्याआधी सुमारे पंधरा वर्षे ती त्याच रुग्णालयात स्वयंपाक, धुणे आणि साफसफाई करीत होती. आपल्या भाषेत सांगायचे तर ती तेथील मावशी होती. सोळा महिन्यांचे ते शिक्षण इतके कठोर होते की तिच्याबरोबरच्या बहुतेक जणी मध्येच गळाल्या. महोनी १८७९ मध्ये उत्तीर्ण झाली आणि अमेरिकेतील पहिली प्रशिक्षित कृष्णवर्णीय परिचारिका म्हणून इतिहासात तिची नोंद झाली. पंधरा वर्षे साफसफाई केलेल्या वास्तूत ती परिचारिकेचे शिक्षण पुरे करून उभी राहिली, ही गोष्ट आपल्या प्रत्येक मावशीला सांगितली पाहिजे.

महाराष्ट्रातही हा धागा अखंड आहे. बालपणी झालेले लग्न नाकारून न्यायालयात लढलेल्या रखमाबाई १८८९ मध्ये वैद्यकीय शिक्षणासाठी इंग्लंडला गेल्या, तेव्हा त्या पंचविशीच्या घरात होत्या. त्या काळच्या समजुतीनुसार स्त्रीचे शिकण्याचे वय केव्हाच सरले होते. १८९४ मध्ये त्या डॉक्टर होऊन परतल्या आणि सुरत व राजकोट येथे त्यांनी दीर्घकाळ स्त्रियांची सेवा केली. सावित्रीबाईंनी तर १८९७ च्या प्लेगमध्ये, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, डॉ. यशवंतांच्या पुण्याबाहेरील उपचारकेंद्रात रुग्णांची शुश्रूषा केली. मुंढव्याच्या महारवाड्यातील प्लेगग्रस्त मुलाला त्यांनी पाठीवर उचलून आणले आणि त्याच साथीत १० मार्च रोजी त्यांचे निधन झाले. काठेवाडच्या त्या डॉक्टरला बत्तीस वर्षांनंतरही जमले नाही ते या माउलीने करून दाखविले होते. पुढे १९०९ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सेवासदनातून रमाबाई रानडे यांनी विधवा व प्रौढ स्त्रियांना परिचर्येच्या शिक्षणाची वाट उघडून दिली.

आणखी अलीकडचा दाखला शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेडचा. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तेथे काम सुरू केले. प्रशिक्षित नर्सेस खेड्यात राहायला तयार होत नाहीत, असे दिसल्यावर त्यांनी गावातल्याच स्त्रियांना निवडले. त्यांतील अनेक जणी दलित, अनेक निरक्षर आणि संसारात मुरलेल्या होत्या. त्या शिकल्या, बाळंतपणे, कुपोषण, क्षय, कुष्ठरोग यांबाबत गावाला शहाणे करू लागल्या. गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी ३९ गावांतील अल्पशिक्षित स्त्रियांना नवजात बालकांची काळजी घ्यायला शिकविले. तेथील नवजात-मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचे त्यांचे संशोधन १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. २००५ मध्ये सुरू झालेली 'आशा' योजना याच विचाराची वारस होय. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आशाताईंचा गौरव केला. परंतु त्यांना 'स्वयंसेविका' म्हणून मानधनावर आणि कामागणिक मोबदल्यावर ठेवले जाते, वेतनावर नाही. म्हणूनच त्यांना पुन:पुन्हा संप करावे लागतात. टाळ्या आणि पुरस्कार मिळाले तरी वेतनश्रेणी अर्हतेशिवाय मिळत नाही, हा यातला दुसरा धडा.

आता प्रत्यक्ष नियमांकडे वळू. भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमांनुसार एएनएम, जीएनएम आणि बी.एस्सी. नर्सिंग या अभ्यासक्रमांच्या प्रवेशासाठी किमान वय १७ आणि कमाल वय ३५ वर्षे आहे. एएनएम दोन वर्षांचा असून तो केवळ स्त्रियांसाठी आहे. त्याला कोणत्याही शाखेची बारावी चालते. जीएनएम तीन वर्षांचा. त्यात विज्ञान शाखेला पसंती असली तरी इंग्रजी विषय आणि किमान ४० टक्के गुण असल्यास कला शाखेलाही दार मोकळे आहे. बी.एस्सी. चार वर्षांचे असून त्यासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र असावे लागते. जीएनएम झालेल्यांना पुढे दोन वर्षांत पोस्ट बेसिक बी.एस्सी. करता येते. पुरुषांनाही जीएनएम आणि बी.एस्सी. खुले आहे, वॉर्डात 'ब्रदर' म्हणून हाक मारली जाण्यात आपल्या माजी विद्यार्थ्यांनी कमीपणा मानू नये. प्रवेशपरीक्षेचे आणि फेऱ्यांचे नियम वर्षागणिक बदलतात, म्हणून त्या त्या वर्षीची माहितीपुस्तिका पाहणे अगत्याचे.

येथे थोडे गणित मांडू. समजा, दहावी झालेली एखादी भगिनी आज एकोणतीस वर्षांची आहे. सतरा नंबरचा फॉर्म भरून तिने खासगी विद्यार्थी म्हणून बारावी केली, तर एकतीस-बत्तिसाव्या वर्षी ती जीएनएमच्या दारात उभी राहील आणि पस्तिशीच्या आसपास पदविका घेऊन बाहेर पडेल. महाराष्ट्र शासनाच्या सेवेतील प्रवेशाची कमाल वयोमर्यादा खुल्या प्रवर्गासाठी ३८ आणि मागासवर्गीयांसाठी ४३ वर्षे आहे. म्हणजे शासकीय भरतीसाठी तिच्या हाती सात-आठ वर्षे उरतात. याउलट 'मुले मोठी होऊ द्या, मग बघू' म्हणत ती छत्तीस वर्षांची झाली, तर हे दार कायमचे बंद होते. घरच्यांना दोन-चार वर्षांचा विलंब किरकोळ वाटतो. नियमांच्या लेखी तो सर्वस्वाचा प्रश्न असतो.

कागदपत्रांबाबत एक सूचना. बौद्ध भगिनींना अनुसूचित जातीच्या सवलती व शिष्यवृत्ती मिळवायची, तर जातीचा दाखला आणि त्याची पडताळणी लागते. त्यासाठी वडिलांकडचे जुने पुरावे लागतात. सासरचे चालत नाहीत. लग्नानंतर नाव बदललेल्यांची येथे फार धावपळ होते. शाळा सोडल्याचा दाखला आणि जनरल रजिस्टरचा उतारा आपल्या शाळेच्या दप्तरी आहे. तो वेळेवर देणे ही आम्हां शिक्षकांचीच जबाबदारी आहे.

ज्यांची पस्तिशी उलटली आहे, त्यांना खोटी आशा दाखविणे आम्हांला मान्य नाही. त्यांच्यासाठी परिचारिकेची वाट बंद असली तरी आरोग्यक्षेत्र बंद नाही. आशाताईंच्या निवडीत २५ ते ४५ वयोगटातील, त्याच गावात राहणाऱ्या विवाहित, विधवा किंवा परित्यक्ता स्त्रियांना प्राधान्य आहे. विज्ञान शाखेची बारावी असेल तर औषधनिर्माणशास्त्राच्या दोन वर्षांच्या पदविकेला पस्तिशीची अट नाही. रुग्णसहायकाचे अल्पमुदतीचे मान्यताप्राप्त अभ्यासक्रमही आहेत. मात्र त्यांनी रुग्णसहायक होता येते, नर्स नव्हे, हे आधीच समजून घ्यावे.

हा भेद पुसट करूनच आपल्या भगिनींची फसवणूक होते, आणि या लेखातील सर्वांत कळकळीचा मुद्दा हाच आहे. सहा महिन्यांत, वर्षभरात नर्स बनविण्याच्या जाहिराती एस.टी. स्थानकांच्या भिंतींवर दिसतात. आमच्या एका माजी विद्यार्थिनीने मंगळसूत्र गहाण ठेवून अशाच एका संस्थेची फी भरली. पांढरा गणवेश मिळाला, गुळगुळीत कागदावरचे प्रमाणपत्र मिळाले. पण महाराष्ट्र परिचर्या परिषदेत त्या प्रमाणपत्राच्या आधारे नोंदणी होत नाही. नोंदणी नाही म्हणून शासकीय भरती नाही, मोठ्या रुग्णालयात जागा नाही. पुन्हा लहान दवाखाना, पुन्हा तोच पगार, फक्त हाक बदलली. तेव्हा फी भरण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात. संस्था परिषदेच्या मान्यताप्राप्त यादीत आहे का? ती कोणत्या रुग्णालयाशी संलग्न आहे? आणि उत्तीर्ण झाल्यावर परिषदेत नोंदणी होईल, हे लेखी मिळेल का? यांपैकी एकाही प्रश्नावर टाळाटाळ झाली, तर उंबरठ्यावरूनच परतावे.

येथे आपल्याच समाजातील डॉक्टर मंडळींना दोन शब्द. आपल्यापैकी काहींनी शिकून स्वतःचे दवाखाने उभारले, याचा आम्हांला अभिमान आहे. परंतु कमी पगारात मिळते म्हणून अप्रशिक्षित मुलीच्या हाती सुई देणे, हे रुग्णाच्या जिवाशी आणि त्या मुलीच्या भवितव्याशी खेळणे आहे. आपल्या दवाखान्यातील एखाद्या होतकरू मावशीला तीन वर्षांची मोकळीक आणि फीला हातभार द्या. ती नोंदणीकृत परिचारिका होऊन परत येईल. आपल्या शिक्षणात समाजाचा वाटा होता. तो फेडण्याची याहून सरळ रीत आम्हांला दिसत नाही.

अडचणी आम्ही झाकून ठेवत नाही. पाठ्यपुस्तके इंग्रजीत असतात. अठरा वर्षांच्या मुलींसोबत बाकावर बसावे लागते. रात्रपाळी असते. खासगी रुग्णालयांत सुरुवातीचा पगार बेताचा असतो आणि शासकीय जागाही बऱ्याचदा कंत्राटी निघतात. म्हणून प्रत्येकीने हीच वाट धरावी, असा आमचा आग्रह नाही. 'सेवा हा बाईचा स्वभावच' असे गोड बोलून कुणाला या कामात ढकलू नये. ज्यांना रक्त पाहून घेरी येते, ज्यांचे मन दुसऱ्या विद्येत रमते, त्यांनी ती वाट धरावी. पण जिची मनापासून इच्छा आहे, तिला वयाचे कारण सांगून घरी बसविण्याचा अधिकार कुणालाही नाही.

विंचूरहून येवला फार दूर नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी तेथे बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली, तेव्हा ते चव्वेचाळीस वर्षांचे होते, आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा घेतली तेव्हा पासष्ट वर्षांचे. जन्माने पदरी पडलेले आयुष्यभर वाहण्याचे बंधन माणसावर नाही, हाच त्या घोषणेचा अर्थ. त्या दिवशी दीक्षाभूमीवर दीक्षा घेणाऱ्यांत नातवंडे झालेले आजोबा-आज्याही होते. ज्या समाजाने आपला धम्मच प्रौढ वयात स्वीकारला, त्याने तिशीतल्या सुनेच्या शिक्षणाला उशीर झाला म्हणावे, ही मोठी विसंगती आहे.

म्हणून शाळेच्या व्यवस्थापनापुढे आणि माजी विद्यार्थी मंडळापुढे आम्ही तीन गोष्टी ठेवतो. पहिली : शिक्षण सुटलेल्या माजी विद्यार्थिनींसाठी दर रविवारी इंग्रजी आणि प्राथमिक जीवशास्त्राचा वर्ग येथेच भरावा, शिकविण्याची जबाबदारी आम्ही शिक्षक विनामोबदला घेऊ. दुसरी : मंडळाने एक लहानसा निधी उभारावा आणि नोंदणीकृत अभ्यासक्रमाला प्रवेश मिळालेल्या भगिनीला बिनव्याजी फी उसनी द्यावी, ती कमवू लागली की हप्त्याने फेडील आणि तोच पैसा पुढच्या भगिनीच्या कामी येईल. तिसरी : जी आई परिचर्येच्या शिक्षणासाठी बाहेरगावी जाईल, तिच्या मुलांना आपल्या वसतिगृहात प्राधान्याने प्रवेश मिळावा. निवासी शाळेला हे जितके सहज शक्य आहे, तितके दुसऱ्या कुणाला नाही. आई शिकायला गेली म्हणून मूल उघडे पडले नाही, एवढा विश्वास मिळाला तर अर्ध्या अडचणी तेथेच सुटतील.

पतिराजांना आमची एकच विनंती आहे. तीन वर्षे स्वयंपाक आपण करावा.

प्रवेशाचा हंगाम बारावीच्या निकालानंतर सुरू होतो. त्याआधी मंडळाची बैठक व्हावी, तीत या तीन गोष्टींवर ठराव व्हावा आणि इच्छुक भगिनींची नावे, वये व शिक्षण यांची यादी शाळेच्या कार्यालयात सुरू व्हावी. यादीत ज्यांचे वय सर्वांत अधिक, त्यांचे काम सर्वांत आधी हाती घ्यावे.

जयभीम! नमो बुद्धाय!